पेरते व्हा! (पण कुणाचं ऐकून?)

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणून राहिलेला विषय आज घेतोय. गोष्ट २०२५ च्या जूनमधली. तीन आठवडे चाललेली रिलीज एकदाची गेली होती. (रिलीज म्हणजे काय हे आयटीवाल्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही.) शुक्रवारी रात्री ठरवलं, या वीकेंडला ना मॉल ना मल्टिप्लेक्स, सरळ आजोळी जायचं. आजोळ इंदापूर तालुक्यात, पार पूर्वेकडे. नवीन कॅमेरा घेतला होता, त्याची हौसही होतीच.

शनिवारी सकाळी मामांच्या विहिरीवर लिंबाखाली बाजेवर बसलो होतो. हातात चहा. इतक्यात एक पक्षी सुळकन आला, जमिनीलगत उडत आला आणि शेवटच्या क्षणी वर उसळी घेऊन लिंबात शिरला. पाठ राखाडी, छाती तांबूस, पोटावर आडव्या रेघा, शेपटीवर पट्टे. खालच्या बोरीतल्या सातभाईंनी एकच कालवा सुरू केला. मी चहा बाजूला ठेवला आणि मामांना दबक्या आवाजात म्हटलं, "मामा, हलू नका. शिक्रा आहे!"

बारा फोटो काढले. शिक्रा म्हणजे छोटा शिकारी ससाणाच की हो... पहिल्याच सकाळी शिकारी पक्षी! आता ऑफिसात सोमवारी काय भाव खातो बघा, असा विचार करतोय तोवर त्या शिक्र्याने तोंड उघडलं. तीन सुरांची शीळ. मग तीच शीळ जरा वरच्या पट्टीत. मग आणखी वर... शेवटी आवाज फाटतो की काय असं वाटेपर्यंत चढत गेला आणि एकदम थांबला.

पेरते व्हा, पेरते व्हा, पेरते व्हा!

मामा हसून हसून लोटपोट. "आरं, शिक्रा कधीपास्नं पेरा म्हणायला लागला?"

तर मंडळी, तो पावशा होता. कोकीळकुळातला अस्सल पक्षी आणि फसवण्यात पटाईत. माझा पोपट झाला खरा, पण त्या पोपटामुळे पुढचे कित्येक शनिवार-रविवार कोकीळकुळाच्या इतिहासात गेले. आणि एक बरं वाटलं. या कुळाला ओळखताना चुकलेला मी पहिला नाही. माझ्या आधी फार मोठमोठी माणसं चुकली आहेत.

ससाण्याचं सोंग

पावशा आणि शिक्रा यांच्यातली गल्लत जुनी आहे. नुसती भारतातली नाही, जगभरातली. युरोपातला कुक्कू पक्षीही त्यांच्याकडच्या छोट्या ससाण्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात कुक्कू दिसायला लागतात, थंडीत गायब होतात. त्यामुळे प्राचीन ग्रीसमध्ये लोकांची समजूत होती की ससाणाच ऋतू बदलला की रूप पालटून कुक्कू होतो.

ही समजूत खोडून काढली ती अ‍ॅरिस्टॉटलने, सुमारे २३०० वर्षांपूर्वी. त्याने काय केलं? नीट बघितलं. रंग ससाण्यासारखा असला तरी ससाण्याच्या नख्या वाकड्या, आकडेदार असतात, कुक्कूच्या तशा नसतात. डोकंही ससाण्यासारखं नसून कबुतराच्या वळणाचं असतं. बास! आज कुठलंही पक्ष्यांचं पुस्तक उघडा, शिक्रा आणि पावशा ओळखायच्या खुणा जवळपास याच दिलेल्या असतात. शिक्र्याची चोच आकड्यासारखी, पंजे दणकट. पावशाची चोच सरळसर, टोकाशी जराशी झुकलेली, पाय साधे, आणि डोळ्याभोवती पिवळी कडी. पावशा बसला की पंख थोडे सैल सोडल्यासारखे दिसतात. मी घरी येऊन माझे बारा फोटो मोठे करून बघितले. पिवळी कडी प्रत्येक फोटोत होती. डोळ्यांपुढे होती, पण मला दिसली नव्हती, कारण मला शिक्रा बघायचा होता. डीबगिंग करताना आपण हमखास करतो तीच चूक.

हे सोंग फुकटचं नाही बरं का. २००८ मध्ये निक डेव्हिस आणि जस्टिन वेल्बर्गन या दोन शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पक्ष्यांना दाणे ठेवतात त्या जागी त्यांनी पेंढा भरलेले पक्षी ठेवून बघितले. छोटे पक्षी ससाण्याला जितके घाबरले तितकेच कुक्कूलाही घाबरले. पण कुक्कूच्या पोटावरच्या आडव्या रेघा झाकल्यावर त्यांची भीती कमी झाली. म्हणजे ज्याच्या घरट्यात अंडं घालायचं त्याला आधी दचकवायचं, असा डाव असू शकतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना जे कोडं पडलं होतं तेच सातभाईंनाही पडत असणार. आणि मलाही पडलंच की.

गातो तो, नाव तिचं

आता दुसरी गल्लत. ही मात्र आपली घरगुती.

कोकिळा गाते, असं आपण लहानपणापासून म्हणत आलो. सरोजिनी नायडू भारतकोकिळा, लता मंगेशकर गानकोकिळा. पण मार्च-एप्रिलमध्ये पहाटे साडेचारला तुमच्या सोसायटीतल्या आंब्यावरून जो 'कुहूऽऽ कुहूऽऽ' चालतो (आणि आदल्या रात्री दोनपर्यंत अमेरिकेच्या क्लायंटबरोबर कॉलवर असलेल्या माणसाला जो अजिबात गोड वाटत नाही) तो नराचा असतो. नर चकचकीत काळा, डोळे लालभडक, चोच फिकट हिरवट. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. ती ओरडते 'किक्-किक्-किक्', घाईघाईने. त्याला गाणं म्हणणं जरा अवघडच आहे.

गंमत म्हणजे कालिदासाला हे नीट ठाऊक होतं. 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गात वसंत ऋतू अवतरतो तेव्हा आंब्याचे कोंब खाऊन गोड कूजन करणारा पक्षी कोण? कालिदास स्पष्ट शब्द वापरतो, 'पुंस्कोकिल'. म्हणजे नर कोकीळ. त्याने बघितलं होतं. नंतरच्या काळात कधीतरी आपण बघणं सोडलं आणि गोड गळा म्हणजे बाईचाच असणार असं ठरवून टाकलं.

पण आपणच चुकलो असंही नाही. १७५८ मध्ये कार्ल लिनियसने प्राण्यांना दोन-दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायचा जो प्रचंड खटाटोप केला, त्यात त्याने हिंदुस्थानातला ठिपकेदार तपकिरी कोकीळ एका नावाने नोंदवला आणि काळा कोकीळ दुसऱ्या नावाने. बिचाऱ्याने जिवंत पक्षी कुठे बघितले होते! जॉर्ज एडवर्ड्स नावाच्या इंग्रज चित्रकाराची चित्रं समोर होती, त्यावरून नोंद केली. एकाच संसारातले नवराबायको दोन वेगळ्या जाती होऊन बसले. डेटाबेसमध्ये एकाच ग्राहकाची दोन खाती उघडावी तसं. पुढे खाती एकत्र केली तेव्हा नाव उरलं ते ठिपकेदार पक्ष्याचं, 'स्कोलोपेशियस'. त्याचा अर्थ पाणलाव्यासारखा ठिपकेदार. म्हणजे बघा, मराठीत नराचं गाणं मादीच्या नावावर जमा, आणि शास्त्रात अख्खी जातच मादीच्या रूपावरून ओळखली जाते. काळ्या कोकिळाच्या पदरी काहीच नाही.

दुसऱ्याच्या शेतात पेरणारा

मात्र एका बाबतीत आपले पूर्वज फार लवकर जागे झाले होते. कोकीळ दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. संस्कृतात कोकिळाला 'परभृत' म्हणतात, 'अन्यपुष्ट' म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, परक्याने वाढवलेला. 'शाकुंतला'त पाचव्या अंकात दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला ओळखायचं नाकारतो, तेव्हा तो याच पक्ष्याचा दाखला देतो. कोकिळा आपली पिल्लं उडती होईपर्यंत दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, तेव्हा बाईच्या जातीला चलाखी शिकवावी लागत नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. नैसर्गिक निरीक्षण अचूक, पण वापर किती वाईट! समोर उभी असलेली आपली बायको ओळखता न आलेला माणूस पक्ष्याच्या ओळखीवर भाषण ठोकतो, हेही आहेच.

पण मला सगळ्यात आवडलेला शब्द त्याहून पुष्कळ जुना आहे. यजुर्वेदात, अश्वमेधाच्या संदर्भात पशुपक्ष्यांची लांबलचक यादी येते. त्या यादीत एक पक्षी आहे, 'अन्यवाप'. वाप म्हणजे पेरणं. अन्यवाप म्हणजे दुसऱ्याच्या शेतात पेरणारा. अभ्यासक हा कोकीळकुळातला पक्षी मानतात, त्याच्या त्या प्रसिद्ध सवयीमुळे.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून पाच मिनिटं गप्प बसलो. तीनेक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी या कुळातल्या पक्ष्याला 'पेरणारा' म्हटलं. आणि आज इंदापुरात त्याच कुळातला दुसरा पक्षी 'पेरते व्हा' म्हणतो, असं आपण म्हणतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, योगायोगच आहे. पण शेतकऱ्यांचा देश असला की पक्ष्याच्या अंड्यातही बियाणं दिसतं आणि शिळेतही पेरणी ऐकू येते, एवढं मात्र खरं.

युरोपात या विषयावरचा मोठा उलगडा १७८८ मध्ये झाला. कुक्कूचं नुकतंच जन्मलेलं, डोळेही न उघडलेलं पिल्लू घरट्यातली बाकीची अंडी-पिल्लं पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं, हे एका डॉक्टरने बघून लिहिलं. त्याचं नाव एडवर्ड जेन्नर. होय, तोच, देवीची लस शोधणारा. लस १७९६ मधली, कुक्कू त्याच्या आठ वर्षं आधीचा. पुष्कळांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

चातक की पावशा?

दुसऱ्या दिवशी, रविवारी परतीच्या वाटेवर सुप्याला थांबलो. सुपे बारामती तालुक्यात. तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. लोक चिंकारा बघायला येतात. भिगवणला जशी हिवाळ्यात रोहित बघायला झुंबड उडते तशी इथे जूनमध्ये कुणी येत नाही. पण कोकीळकुळ बघायचं तर हाच मोसम. माळ नुकता हिरवा होत असतो, बाभळी-बोरींवर सुरवंट सुटलेले असतात. केसाळ सुरवंट इतर पक्षी सहसा टाळतात, या मंडळींचं ते आवडतं खाणं.

तिथे एका बाभळीच्या शेंड्यावर चातक भेटला. हा ओळखायला सोपा. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर ऐटबाज तुरा, उडताना पंखावर पांढरा पट्टा. फ्रेंचांनी याला डोमिनिकन साधूंच्या काळ्या-पांढऱ्या झग्यावरून 'जॅकोबिन' म्हटलं आणि तेच नाव शास्त्रात रुजलं.

आपल्याकडे मात्र चातक आणि पावशा यांची कायम सरमिसळ होते. हिंदीत पपीहा म्हणजे पावशा, पण कवितेत तोच पपीहा चातकाचं काम करताना सापडतो. दोघेही पावसाच्या तोंडावर ओरडतात, दोघेही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात (अंडीही दोघांची निळी, सातभाईंच्या अंड्यांसारखीच), मग गोंधळ होणारच. चातक फक्त पावसाचं पाणी पितो, त्याच्या मानेला भोक असतं, वगैरे कथा आपण ऐकल्याच आहेत. खरी गोष्ट कथेपेक्षा कमी नाही. उत्तर आणि मध्य भारतात पावसाळ्यात येणारे चातक आफ्रिकेतून अरबी समुद्रावरून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतात, असं मानलं जातं. केवढासा पक्षी आणि केवढा समुद्र! हा प्रवास नीट कळावा म्हणून २०२० मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि भारतीय सुदूर संवेदन संस्था यांनी दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे छोटे टॅग बसवले. त्यांची नावं ठेवली 'मेघ' आणि 'चातक'. शास्त्रज्ञ झाले तरी कालिदास सुटत नाही.

जाता जाता एक विषयांतर. बारामतीत राहून ज्याने हजारो आर्या रचल्या तो मोरोपंत (१७२९ ते १७९४). देवाला हाक मारताना त्याने स्वतःसाठी कुठला पक्षी निवडला? कोकीळ नाही, चातकही नाही. 'केकावली', म्हणजे मोराच्या टाहोंची माळ. शेजारीच मोरगाव असल्यावर मोरच सुचणार, नाही का? असो.

साहेबाची मोजणी

ज्या सातभाईंनी लिंबाखाली कालवा केला होता, त्यांचाही इतिहास याच मातीतला आहे. आमच्या कोरड्या भागात जो मोठा राखी सातभाई दिसतो त्याचं शास्त्रीय नाव संपतं 'माल्कोमी' असं. हे नाव दिलं विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने, १८३२ मध्ये.

हा साईक्स म्हणजे अफाट माणूस. खडकीच्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढला, आणि पेशवाई बुडाल्यावर १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. गावं, माणसं, जमिनी, पिकं, हवामान असं सगळं मोजत तो फिरला. फिरता फिरता पक्षीही गोळा केले. १८३२ मध्ये लंडनला त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. उजनीच्या काठावर ध्यान लावून बसलेली ढोकरी, तिलाही शास्त्रीय नाव त्यानेच दिलेलं. आणि सातभाईचं 'माल्कोमी' कुणावरून? सर जॉन माल्कम, १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर. म्हणजे साहेबाचे साहेब! अप्रेझलच्या आधी मॅनेजरच्या नावाने मॉड्यूल काढण्याची प्रथा किती जुनी आहे बघा. :-)

इथपर्यंत मला सगळं मजेमजेचं वाटत होतं. पण साईक्सच्या मोजणीपाठोपाठ दुसरी मोजणी आली आणि ती थेट आमच्या इंदापुरात आली.

'पेरते व्हा' कोण म्हणतंय?

इंग्रजांनी पेशवाईनंतर जमिनीवर जो सारा बसवला, त्यातली प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची आकारणी इंदापूरसारख्या कमी पावसाच्या मुलखाला झेपणारी नव्हती. शेतकरी जमिनी टाकून निघून गेले, रानं पडीक पडली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने मोजणी सुरू केली. ती सुरुवात इंदापूर तालुक्यातून झाली. सारा कमी केला आणि ३० वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्याची पुढची सगळी रयतवारी पद्धत याच इंदापूरच्या नमुन्यावर उभी राहिली. शेतकरी परत आले, पडीक रानं पुन्हा लागवडीखाली आली.

म्हणजे त्या वर्षी इंदापूरच्या शेतकऱ्याला 'पेरते व्हा' कुणी म्हटलं असेल तर ते कमी झालेल्या साऱ्याने. पावशा तर आधीच्या पडीक वर्षांतही ओरडतच होता.

३० वर्षं संपली. १८६० च्या दशकात फेरआकारणी झाली आणि सारा चांगलाच वाढला. त्याच सुमारास अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे चढलेले भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, कर्जाची खतं आणि वह्या ताब्यात घेऊन जाळल्या. इतिहासाच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकलो ते हेच. परीक्षेत पाच मार्कांना होते. ते ज्या सुप्यात सुरू झाले तिथेच मी चातकाचे फोटो काढत होतो, आणि हे मला घरी आल्यावर कळलं!

तारीख पुन्हा बघा. १२ मे. तापलेली जमीन, पेरणी तीन-चार आठवड्यांवर आलेली. पावशाने ओरडायला सुरुवात करायचे हेच दिवस. एखाद्या आंब्यावर बसून तो ओरडत असणार, पेरते व्हा, पेरते व्हा... आणि खाली ज्याच्याकडे बियाणाला पैसे नाहीत, ज्याला सावकार दारात उभा करत नाही, असा माणूस ते ऐकत असणार. त्याला तो आवाज कसा लागला असेल?

पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला. १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून थोडा दिलासा देणारा कायदा झाला आणि १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरला पाणी देऊ लागला. आज त्या पट्ट्यात दिसणारा ऊस त्या कालव्याच्या पाण्यावर सुरू झालेल्या गोष्टीचा पुढचा भाग. कालव्याच्या वरचा माळ मात्र अजून ढगांकडेच बघतो.

मामांचा हात

पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्यांना शाळेत सांगितलेलं असतं की पावशा ओरडला की शेतकरी पेरणी करतो. फार छान वाटतं ऐकायला. त्या शनिवारी संध्याकाळी मी मामांना तेच विचारलं.

"मामा, मग पावशाचं ऐकून कधी पेरता तुम्ही?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी क्लायंटकडे बघतो. "आरं बाबा, पाखराचं ऐकून पेरलं असतं तर आत्तापर्यंत ही जमीन इकली असती. २०२३ ला जून सगळा ओरडला त्यो. पाऊस कुठं हुता? आलेला बी ऑगस्टात गायब झाला. आन् यंदा बघ. मे मधीच एवढं पाणी पडलं की रानात पाय ठेवता येईना. त्यो ओरडतोय पेरा पेरा, आन् वापसाच न्हाई. पेरायचं कशात, चिखलात?"

(२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. आणि २०२५ च्या मेच्या शेवटी बारामती-इंदापुरात झालेली अतिवृष्टी पेपरात वाचली असेलच.)

शिवाय, मामा म्हणाले, आपल्याकडची मोठी पेरणी जूनची नाहीच. जूनमध्ये थोडी बाजरी, थोडी कडधान्यं. खरं पीक ज्वारी, ती रब्बीची, गणपतीनंतर पेरायची. तेव्हा पावशा बहुतेक गप्पच असतो.

"मग तो ओरडतो कशाला?"

"बायकू पायजे आसंल त्याला," मामा म्हणाले आणि उठले.

पक्षिशास्त्राची पुस्तकं उघडली तर तीही साधारण हेच म्हणतात. पावशाचं ओरडणं हे विणीच्या मोसमातलं ओरडणं. त्याचं वेळापत्रक सातभाईंच्या घरट्यांशी जुळलेलं, माणसांच्या बियाणाशी नाही. तीच शीळ बंगाल्यांना 'चोख गेलो' म्हणजे 'डोळे गेले' अशी ऐकू येते. हिंदीत ती 'पी कहाँ' होते, विरहिणीची. उन्हाळ्याने कावलेल्या इंग्रजांना ती 'ब्रेन फीवर' ऐकू आली, मेंदूचा ताप. एकच पक्षी, तीच तीन सुरांची शीळ. ज्याला जे दुखत होतं ते त्याने ऐकलं. आपलं दुखणं पेरणीचं होतं.

म्हणून मला आता वाटतं की या कुळातला पक्षी ओळखायचा तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. तो काय आहे आणि आपल्याला तो काय वाटतो. अ‍ॅरिस्टॉटलने नख्या बघून केलं ते हेच. कालिदासाने नराला नर म्हटलं ते हेच. आणि आमच्या मामांनी तर ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने केलेलं आहे. त्यांना पावशा ओळखता येतो, त्याची शीळ आवडते, ते नातवाला त्याची नक्कल करूनही दाखवतात. पण बियाणं ते त्याच्या भरवशावर टाकत नाहीत.

त्या संध्याकाळी मामा मला बांधावरून रानात घेऊन गेले. वाकून मातीत हात घातला, मूठभर माती काढली, दाबून तिचा लाडू केला आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडला. लाडू तसाच्या तसा खाली बसला, नुसता जरा चपटा झाला.

"फुटला न्हाई. म्हंजे अजून वल जास्त हाय. फुटला की वापसा. मग पेरायचं."

मीही एक लाडू करून टाकला. माझाही फुटला नाही. विहिरीवरच्या लिंबातून पावशा ओरडतच होता.

दहा-बारा दिवसांनी ऑफिसात असताना मामांचा फोन आला. बाजूला क्यूएवाली मंडळी नवीन बग घेऊन उभी होती, तरी उचलला.

"पेरलं रे बाबा आज. पाभर लावली सकाळी."

"वा! वापसा आला म्हणायचा."

"आला. आन् तुझा शिक्रा अजून ओरडतोयच बघ."